वेशीपासून मारुतीपर्यंत

हल्लीच्या बँडवाल्यांचा मला मनापासून राग येतो. हातगाडीवर भोंगे बांधायचे, एकानं विजेची पेटी बडवायची आणि बाकीच्या दहाजणांनी कोट घालून नुसतं चालायचं. पंच्याऐंशी साली गुलबर्ग्यात एक वरात चालली होती आणि मी कचेरीतून सुटून रस्त्याच्या कडेला खोळंबलो होतो. शेजारी एक चष्मेवाले गृहस्थ उभे होते. क्लॅरनेटवाल्यानं वरचा सूर गाठताना माती खाल्ली आणि आम्हा दोघांच्या तोंडून एकाच वेळी "अरेरे" निघालं.

ओळख झाली ती एवढ्यावर. ते गुरुराज, कॉलेजात इतिहास शिकवणारे. मी गुंडेराव, सरकारी कचेरीतला कारकून. वरात पुढं गेली आणि आम्ही तिथंच उभे राहून साठ सालानंतरच्या बँडांची नावं काढत बसलो. बीदरचा महबूब बँड, हुमनाबादचा शंकर बँड. मग ते म्हणाले की हे सगळे ठीक, पण बँड म्हणजे मंठाळचा पिराजी बँड, आणि माझ्या अंगावर काटा आला.

पिराजी माझे वडील.

हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. सांगितलं असतं तर ते एक तर हात जोडून बोलले असते, नाही तर हात आखडून. मला तसलं काहीच नको होतं. मला बँडवर तावातावानं भांडायला माणूस हवा होता. शिवाय माझं नाव असं, की या भागात गुंडेराव कुलकर्णीही असतो आणि आमच्या बौद्ध वस्तीतही असतो. गुरुराजांनी एकदा बोलता बोलता "आपल्यात लग्नात बँड उशिराच आला" असं म्हटलं. त्या 'आपल्यात' मध्ये त्यांनी मला परस्पर बसवून टाकलं होतं. मीही उठलो नाही.

मग दर शनिवारी माणिकप्पाच्या हॉटेलात मिरची भजी आणि बँड हे ठरून गेलं. गुरुराजांना काय काय आठवायचं! चौकात आल्यावर पिराजी हात वर करायचा, सगळा बँड गप्प व्हायचा आणि एकटी क्लॅरनेट सुरू व्हायची. वळणावर तो इतका लांब दम धरायचा की नवरदेवाचा घोडासुद्धा थांबायचा. मी म्हणायचो, घोडा थांबायचा तो ढोल थांबला म्हणून. ते चिडायचे. मी आणखी चिडवायचो. टेबलावर आम्ही दोघं बोटांनी ठेका धरायचो आणि माणिकप्पा लांबून हसायचा. माझ्या आयुष्यात इतका जिवाभावाचा मित्र मला दुसरा मिळाला नव्हता, हे मी आजही म्हणेन.

पण या गप्पांत माझा एक स्वार्थ होता. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, बँड अचानक बंद केला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. एका लग्नाहून परत आले, क्लॅरनेट पेटीत ठेवली, लाल कोट आईकडं दिला आणि दुसऱ्या दिवसापासून रानात जायला लागले. कामून बंद केला, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. कुणी म्हणे दात हलायला लागले, कुणी म्हणे साथीदारांशी वाजलं. आई विचारायची, तेव्हा ते उठून बाहेर जायचे. ज्या माणसाच्या वाजवण्यावर मी जीव टाकला, त्यानं ते का टाकून दिलं, हे कळल्याशिवाय मला चैन नव्हतं. वाटायचं, एवढं सगळं आठवणाऱ्या गुरुराजांना कदाचित ते माहीत असेल.

त्यांना माहीत होतं. फक्त आपल्याला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

त्या शनिवारी आमची नेहमीची चढाओढ चालली होती, पिराजीला जास्त कुणी ऐकलंय याची. मी जरा जास्तच फुशारकी मारली असेन. गुरुराजांनी भज्याची बशी बाजूला सारली, चष्मा पुसला आणि हुकमाचं पान टाकावं तसं म्हणाले, "गुंडेराव, तुमी सगळं ऐकलाव म्हणताव. पण पिराजीची हलगी ऐकलाव का?"

मी म्हणालो, शक्यच नाही. आणि ते शक्य नव्हतंच. छप्पन साली आमच्या लोकांनी धर्म बदलला, तेव्हा गावकीचं वाजवणंही सोडलं. लग्न असो, मयत असो, बैलांची मिरवणूक असो, गावानं हाक मारली की हलगी घेऊन पळायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं होतं. अप्पांनी त्या वर्षी स्वतःच्या हातानं स्वतःची हलगी फाडली आणि पुन्हा हलगीला हात लावणार नाही अशी शपथ घेतली. मग निजामाच्या पलटणीतला एक म्हातारा बँडवाला बीदरला राहत होता, त्याच्याकडं जाऊन क्लॅरनेट शिकले. बँड काढला तो बूट घालून, पितळी गुंड्यांचा कोट घालून, आधी पैसे ठरवून जायचं, या अटीवर. आमच्या घरात हलगी हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे.

गुरुराज मात्र रंगात आले होते. त्यांच्या आजोळी, बसवकल्याणकडच्या एका गावात, सदुसष्ट साली मोठ्या घरचं लग्न होतं. पिराजी बँड नवरदेवासोबत वेशीपर्यंत वाजवत आला. तिथं मुलीकडची म्हातारी माणसं आडवी आली. त्या गावची रीत अशी, की वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत नवरदेव हलगीच्या मागूनच जाणार. गावातल्या हलगीवाल्यांनी तर केव्हाच वाजवणं सोडलेलं. मुहूर्त टळायला लागला. मग कुणाला तरी आठवलं की बँडवाले त्या हलगीवाल्यांतलेच आहेत. माळ्यावरची जुनी हलगी काढली, कातडं ताणायला गवत पेटवून शेकली आणि पिराजीच्या पुढं धरली.

"तो नको म्हणाला का?" मी विचारलं.

गुरुराज म्हणाले की म्हणाला असेल, थोडी ओढाताण झाली, दोघातिघांनी बँडची वाद्यं काढून घेतली म्हणे, ते काही त्यांना नीट दिसलं नाही. ते तेव्हा पंधरा वर्षांचे, देवळाच्या बाजूला उभे होते. पण मग हलगी सुरू झाली. एवढं सांगून त्यांनी टेबलावर तो ठेका वाजवून दाखवला. डाव्या हाताची बोटं बारीक थरथरती, उजव्या हाताची थाप मोकळी. डोळे मिटलेले.

"वेशीपासून मारुतीपर्यंत," ते म्हणाले. "बस तेवढंच. मी नाचलो बघा. बायकासुद्धा नाचायलत्या. पुन्हा तसं आयुष्यात ऐकलो न्हाई. पिराजीची हलगी ऐकलेला माणूस तुमाला दुसरा मिळायचा न्हाई."

एखादी दुर्मिळ चीज फक्त आपल्या जवळच्या माणसाला उघडून दाखवावी, तशा प्रेमानं त्यांनी मला ते दिलं. माझ्या बापाच्या शपथेचा तुकडा माझा मित्र बशीच्या शेजारी वाजवत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर नुसतं सुख होतं. मला त्याला मारावंसं वाटलं आणि तो ठेका थांबू नये असंही वाटलं. या दुसऱ्या गोष्टीचा मला जास्त धक्का बसला.

"पिराजी माझा बाप हाय," मी म्हणालो.

त्यांची बोटं टेबलाच्या वर तशीच राहिली. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, मग माझ्या ताटलीकडं, मग पुन्हा माझ्याकडं. तोंड उघडलं, पण "म्हणजे तुमी..." याच्या पुढं त्यांना जाता येईना. रंग पार उतरला होता. बिचारे. मी उठलो आणि निघून आलो.

रविवारी सकाळची बस धरून मंठाळला निघालो. खिडकीशी बसून मी डोक्यात जुळवाजुळव करत होतो. अप्पांना काय विचारायचं, त्या गावच्या लोकांना कसं शोधायचं, इतक्या वर्षांनी का होईना, कुणाची तरी गचांडी धरायची. हुमनाबादच्या पुढं शेजारची बाई मला म्हणाली, अण्णा, जरा थांबवा की. मी खाली बघितलं. माझी बोटं मांडीवर तोच ठेका वाजवत होती, आणि केव्हापासून, देव जाणे. मी हात खिशात घातले आणि उतरेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

अप्पा अंगणात तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत बसले होते. मी बसलो आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं, गुरुराजांचं, त्या गावचं, वेशीचं. सांगताना माझाच आवाज चढत गेला. अप्पांचे हात थांबले. मला वाटलं, आता ते उठून बाहेर जाणार.

"कसं वाजलं म्हणला त्यो?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नाही. म्हणून मी पुन्हा सांगितलं, अप्पा, त्यांनी सक्ती केली, वाद्यं काढून घेतली.

"ते मला ठाव हाय. मी व्हतो तितं. त्यो कसं म्हणला?"

"म्हणला, पुन्हा तसं कदी ऐकलो न्हाई."

अप्पांनी हातातली काडी खाली ठेवली. मग मान हलवली.

"खोटं न्हाई त्येचं," ते म्हणाले. "सक्ती त्येंनी केली, ती त्येंच्या माथी. त्येच्यापायी मी बँड सोडला न्हाई. चार पावलं चाललो आन् हात मोकळं झालं. क्लारनेट मला शिकावी लागली हुती, गुंडू. हलगी शिकावी लागली न्हवती. समदं नाचायलते आन् मला गोड लागायलतं. मारुती आला तरी माजं हातच थांबंनात."

आई दारात येऊन उभी होती. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"वाईट वाजली आसती तर बँड चालू ठिवला आसता," अप्पा म्हणाले.

त्यांनी झाडू पुन्हा बांधायला घेतला. मी त्यांच्यासमोर बसून राहिलो. बसमधलं त्यांना सांगितलं नाही. हात मांडीखाली दाबून धरले होते.