कारणाचा रकाना

"मला वाटलं माझेच डोळे गेले," आजी म्हणाल्या आणि गळ्यातली दोरी डोक्यावरून काढून त्यांनी पेटी काकांच्या टेबलावर ठेवली. "हिरवा दिवा दिसेना. शेजारणीला दाखवलं, तर ती म्हणते, अहो डोळे नाही, दिवाच गेलाय."

पेटी काड्यापेटीएवढी. छातीवर टेकून राहायची, हृदयाचे ठोके ऐकायची, आणि ठोका वाकड्यात शिरला की कर्कश ओरडून आजूबाजूच्यांना जागं करायची. एकट्या राहणाऱ्या चाळीस म्हाताऱ्या माणसांना प्रयोगशाळेनं अशा चाळीस पेट्या वापरून बघायला दिल्या होत्या. एका सेलवर वर्षभर चालेल, असं सांगून. आजींना ती मिळून साडेपाच महिने झाले होते.

काकांनी पेटी तारेनं संगणकाला जोडली आणि तिच्या पोटातली शेवटची नोंद वाचली. "तेवीस दिवसांपूर्वी बंद पडलीय," ते बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

"तेवीस दिवस?" आजींनी पदर सारखा केला. "म्हणजे तेवीस रात्री मी गाढ झोपले, ती कुणाच्या भरवशावर हो?"

काकांनी नवा सेल घातला, दिवा मिचकला. आजी खूश झाल्या.

"आता वर्षभर बघायला नको ना?"

"नको," काका म्हणाले. आजी दोरी गळ्यात घालून, काकांना औक्षवंत व्हा म्हणून निघून गेल्या.

काका म्हणजे कुणी शास्त्रज्ञ नव्हेत. तारा जोडण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून ते या प्रयोगशाळेत चिकटले, ते एकतीस वर्षं चिकटलेलेच. इथं जी काही नवी चिप जन्माला येई, तिला बसायला बोर्ड काका करत. केसाएवढ्या पायांना सोल्डर करायचं, ते भिंगाखाली, श्वास रोखून. पोरं डॉक्टर होऊन परदेशी जात, नवी पोरं येत, काका तिथंच. त्यांची एक जाड वही होती. तिच्यात चार रकाने: तारीख, काम, कारण, सही. पोरं तिला पोथी म्हणत. काकांना शिंक आली तरी ते तारीख टाकून कारण लिहितील, अशी त्यांची थट्टा चाले, आणि काकांना ती आवडायची.

प्रयोगशाळा मॅडमची. अठरा वर्षं त्या एकाच गोष्टीच्या मागे होत्या. संगणकाची सगळी घडणच त्यांना बदलायची होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी काकांना ती समजावून सांगितली होती. "काका, आपला संगणक म्हणजे असं घर, की चूल एका टोकाला आणि कोठी दुसऱ्या टोकाला. एकेक चिमूट आणायला बाई दिवसभर येरझारा घालते. स्वयंपाकानं नाही, चालण्यानं दमते. मी चूलच कोठीत मांडणार. आकडा जिथं ठेवलाय तिथंच हिशेब. येरझारा बंद." त्यानंतर आठवडाभर काका भेटेल त्याला चूल आणि कोठी सांगत सुटले होते. बायकोनं तर कानाला हात लावले.

पहिल्या चार चिपा यथातथाच निघाल्या. चूल कोठीत गेली, पण वीज काही फारशी वाचेना. लोक मॅडमना हसू लागले. आणि सहा वर्षांपूर्वी पाचवी चिप आली, तिनं एकदम निम्मीच वीज खाल्ली. सगळीकडे नाव झालं. समारंभ झाला, त्यात मॅडमनी काकांना हाताला धरून मंचावर नेलं आणि सांगितलं, हे यश या हातांचंही आहे. तो फोटो काकांच्या घरी भिंतीवर आहे. चिपेच्या त्या काटकसरीच्या जोरावरच पुढं या पेट्या आल्या. आणि उद्या सकाळी अकरा वाजता आरोग्य खात्याची समिती दोन हजार पेट्यांचा निर्णय करणार होती. मॅडमच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

फक्त एकच कुरकुर होती. पेट्या वर्षभर चालत नव्हत्या. आजींची ही अकरावी. सगळ्या पाचव्या-सहाव्या महिन्यात मान टाकत होत्या. पोरांनी सेलवर खापर फोडलं होतं, सेलवाल्याला पत्रंही गेली होती. चिपेवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही नव्हतं. चिप तर बोर्डवर शेकडो वेळा मोजलेली.

आजींच्या तेवीस रात्री काकांच्या डोक्यातून जाईनात. त्यांनी कपाटातून आपला काट्याचा जुना मीटर काढला. पोरं त्याला काकांचा आजोबा म्हणत. आधी परत आलेल्या एका पेटीत त्यांनी सेल आणि चिप यांच्यामध्ये तो जोडला आणि काटा बघितला. काटा असायला हवा होता त्याच्या दुप्पट आकड्यावर होता. काकांनी मीटरला टिचकी मारली. काटा हलला आणि परत तिथंच आला. दुसरा मीटर आणला, अंकांचा, नवा. तोही तेच म्हणाला.

मग काकांनी मॅडमचा मोजणीचा बोर्ड भिंगाखाली घेतला. वीज मोजायची म्हणजे तिच्या वाटेत एक ठरावीक अडसर ठेवायचा, एक चिमुकला रेझिस्टर, आणि त्याच्यावर किती दाब पडतो त्यावरून प्रोग्राम सांगतो, किती वीज गेली. काकांनी तो शोधला. तिथं एक नव्हता. एकावर एक असे दोन होते, इतके नेटके बसवलेले की साध्या डोळ्यांना एकच वाटावा. हे काम कुणाचं, हे काकांना विचारावं लागलं नाही. माणसाला आपलं अक्षर ओळखता येतं.

त्यांना सगळं आठवलं. पाचवी चिप नवी आली होती आणि सुरू करताच बंद पडत होती. सुरुवातीला ती मोठा घोट घ्यायची आणि तो अडसर तिला तेवढं मिळू द्यायचा नाही. काकांनीच तोड काढली, तसाच दुसरा रेझिस्टर वर चढवला, अडसर निम्मा झाला, चिप धडधड सुरू झाली. शेजारी बसलेल्या उंच पोराला, सगळे त्याला शिडी म्हणत, त्यांनी सांगितलं, "वर एक चढवलाय रे. प्रोग्राममधला आकडा निम्मा कर." शिडीच्या कानात गाणं चालू होतं. तो म्हणाला, "हो काका." दोन दिवसांनी तो परदेशी गेला. आकडा तसाच राहिला. त्या दिवसापासून बोर्ड प्रत्येक वेळी निम्मीच वीज दाखवत आला.

काकांनी पोथी काढून ती तारीख उघडली. वर एक नोंद होती, खाली एक नोंद होती. मधे काही नव्हतं.

म्हणजे पाचवी चिप पहिल्या चार बहिणींसारखीच होती. चूल कोठीत गेली होती, पण येरझारा थांबल्याच नव्हत्या. मॅडमची सहा वर्षं काकांच्या एका सोल्डरवर उभी होती.

घर प्रयोगशाळेच्या मागेच. काका जेवायला गेले आणि ताटाशी नुसते बसून राहिले. बायकोनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं.

"सहा वर्षं कुणाला दिसलं नाही ना?" ती म्हणाली. "मग आता कशाला उकरून काढताय? बाई आठ महिन्यांनी मानानं घरी जातील. तुम्ही सहा महिन्यांनी. पुढचं पुढचे बघतील."

"दोन हजार पेट्या आहेत ग."

"सेल बदलतील. जगात सेलांचा दुष्काळ पडलाय का?" मग तिचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं आणि तिचा आवाज खाली आला. "त्या बाईंनी तुम्हाला कधी तंत्रज्ञ म्हणून वागवलं नाही हो. सगळ्यांसमोर हात धरून नेलं. त्यांच्याच मुळावर उठणार तुम्ही?"

काका न जेवताच उठले. परत येऊन त्यांनी इस्त्री तापत ठेवली, सोल्डरची. वरचा रेझिस्टर काढायला अर्धं मिनिट पुरलं असतं. काढला की पुरावा संपला. पुढची चिप जास्त वीज खाते म्हणून बोल पुढच्या चिपेला. इस्त्री तापली. काकांना तेवीस रात्री निवांत झोपलेली ती म्हातारी दिसली. त्यांनी इस्त्री बंद केली आणि बोर्ड उचलून मॅडमच्या खोलीत नेला.

मॅडम उद्याचं भाषण म्हणून बघत होत्या. काकांनी उभ्या उभ्याच सांगितलं. सांगताना एकदाही अडखळले नाहीत, याचं त्यांना पुढं कित्येक दिवस वाईट वाटलं.

मॅडमनी भिंग मागून घेतलं. बराच वेळ बोर्ड बघितला.

"किती सुबक बसवलाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी आपल्यासमोर मोजणी करायला सांगितली, आधी दोन रेझिस्टर ठेवून, मग चिप चालू असतानाच वरचा काढून. इस्त्री पुन्हा तापवावी लागली. काकांचं काम नेहमीसारखंच चोख झालं. पडद्यावरचा आकडा निम्म्याचा पूर्ण झाला. मॅडमनी तो कागदावर लिहिला, शेजारी चौथ्या चिपेचा लिहिला. दोन्ही जवळजवळ सारखे होते.

"उद्या संध्याकाळी सांगितलं असतंत तर चाललं असतं, काका," त्या हळूच म्हणाल्या. आणि लगेच मान हलवली. "नाही. नसतं चाललं."

"मॅडम, मी..."

"तुम्ही तर सगळं लिहिता. हेच का नाही लिहिलंत?"

काका त्या दुपारपासून हाच प्रश्न स्वतःला विचारत होते. घरी कुणी आजारी होतं का, कुणाचा फोन आला होता का, काहीतरी मोठं कारण सापडावं म्हणून त्यांनी डोकं पिंजून काढलं होतं. कारण एकच होतं आणि ते त्यांना लख्ख आठवत होतं.

"चहा आला होता, मॅडम."

मॅडम हसल्या. रागावल्या असत्या, तर काकांनी ते सोसलं असतं. ते हसणं त्यांच्याच्यानं बघवलं नाही. मग मॅडमनी फोन उचलला आणि समितीच्या सचिवांना सांगितलं, उद्याची बैठक रद्द करा, माझ्या मोजणीत चूक आहे. माझ्या, असं म्हणाल्या. काकांचं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही आणि नंतरच्या चौकशीतही घेतलं नाही. काकांनी स्वतःहून जबाब द्यायची तयारी दाखवली, तर चौकशीवाल्यांनी सांगितलं, जबाबदारी प्रमुखांची असते, तुम्ही तंत्रज्ञ आहात.

छापून आलेले सगळे निबंध मॅडमनी पत्रं लिहून मागे घेतले. पोरं दुसऱ्या प्रयोगशाळांत पांगली, दोघांची डॉक्टरेट बुडाली. मॅडमनी मुदतीआधीच राजीनामा दिला. जाताना त्या सगळ्यांच्या टेबलापाशी जाऊन आल्या. काकांच्या टेबलाजवळ क्षणभर थांबल्यासारख्या झाल्या, आणि पुढे गेल्या. काका उभे राहिले होते, ते तसेच उभे राहिले. घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरचा फोटो काढायला हात घातला. बायको म्हणाली, "राहू द्या." आणि ती पदर तोंडाला लावून आत गेली.

प्रकल्प बंद झाला. फाइलीत वर्षभर लिहिलं होतं आणि पेटी पाच महिनेच चालत होती, तेव्हा परवानगी रद्द आणि चाळीसही पेट्या परत, असा हुकूम निघाला. पेट्या गोळा करून त्यातले सेल काढायचं काम काकांकडे आलं. दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

आजी सगळ्यांत शेवटी आल्या. तीन पत्रं गेल्यावर.

"बंद पडलेली नाही हो," त्या पेटी हातात घट्ट धरून म्हणाल्या. "हे बघा, दिवा लागतोय. मग परत कशाला?"

"आजी, ती सांगितली तेवढे दिवस चालत नाही."

"किती चालते?"

"पाच महिने."

"मग पाच महिने. मी येईन की सेल बदलायला. आत्ता पायीच आले ना?"

"तसं चालत नाही. परवानगी नाही आता."

आजींनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही मला वर्षभर म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसती आठवण करून दिल्यासारखं. मग त्यांनी दोरी बोटाला गुंडाळली, सोडवली आणि पेटी टेबलावर ठेवली. "मग आता कुणी बघायचं?"

आजी भिंतीला हात लावत लावत जिना उतरून गेल्या. त्यांची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत काका बसून राहिले. पेटीचा हिरवा दिवा मिचकत होता. त्यांनी झाकण उघडून सेल काढला. दिवा आणखी दोनदा मिचकला आणि थांबला.

काकांनी पोथी उघडली. तारीख घातली. कामाच्या रकान्यात लिहिलं: चाळिसाव्या पेटीतला सेल काढला. सेल चांगला होता. कारणाच्या रकान्यावर पेन थांबलं.

चहावाला येऊन पेला ठेवून गेला. काकांनी पेल्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं नाही. चहावर साय धरली. मग त्यांनी कारणाच्या रकान्यात सहा वर्षांपूर्वीची ती तारीख घातली आणि पुढे बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलं: मोजणीच्या बोर्डवर आणखी एक रेझिस्टर चढवला. लिहायचं राहिलं.

सही केली. आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.