न धुतलेली मेथी

माझी जाऊ मनोरमा माझ्यापेक्षा वयाने लहान, पण सगळं तिलाच आधी मिळत आलं. गॅस तिच्याकडे आधी आला, फोन आधी आला, अन्नपूर्णा मंदिराच्या मागे स्वतःचं घरही तिचंच आधी झालं. आमचं झालंच नाही. आम्ही परदेशीपुऱ्यात, मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं. तिचे यजमान श्रीराम, म्हणजे माझे धाकटे दीर, बँकेत होते. त्यांना शिकवलं आमच्या ह्यांनी, मिलच्या रंगखात्यात हात रंगवून. हे मी कुणाला बोलून दाखवत नसे. मनात मात्र रोज म्हणत असे.

मिल बंद झाली. भोंगा वाजेनासा झाला, तरी हे त्याच वेळेला उठून चप्पल घालायचे आणि दारापाशी जाऊन परत यायचे. असं बरेच महिने चाललं. मग सांवेर रोडला ओळखीच्या माणसाच्या जमिनीचा एक तुकडा वाट्याने मिळाला आणि ह्यांनी भाजी लावली. रंगखात्यात इतकी वर्षं औषधांच्या वाफा पोटात गेल्या होत्या, की फवारणीचं नाव काढलं तरी ह्यांना चीड यायची. पाल्यावर राख उधळायची, किडकी पानं हाताने खुडायची. रविवारी सकाळी सायकलला पोती लावून हे अन्नपूर्णेकडच्या मराठी घरांत भाजी द्यायचे. थंडीत बायका वाट बघायच्या. "दिवाकररावांची मेथी," म्हणायच्या. मिल गेल्यावर ह्यांच्या नावाला चिकटून राहिलेलं असं ते एवढंच.

आणि ती मेथी मी पाठवायची कशी! मुळं कापून, पिवळं पान काढून, धुऊन, ओल्या फडक्यात बांधून. दुसऱ्याच्या घरी जाणारी वस्तू निवडल्याशिवाय द्यायची नाही, हे माझ्या आईने शिकवलं होतं.

अशात पलासियाला एक नवी लॅब उघडली. परदेशी जाणारा गहू, सोयाबीन, फळं, भाज्या, सगळ्यांत कीटकनाशकाचा अंश किती राहिलाय ते तिथे तपासायचे. मशीन बाहेरच्या देशातून आलेलं. मनोरमेच्या ऋजुताला तिथे नोकरी लागली. आमची अनुश्री तिच्याच वर्गात होती, आणि केमिस्ट्रीत तिला ऋजुतापेक्षा जास्त मार्क पडायचे. मिल बंद झाली तेव्हा अनुश्रीने कॉलेज सोडलं आणि बालवाडीत शिकवायला लागली. पुढे लग्न होऊन देवासला गेली. इकडे ऋजुता स्कूटीवर बसून लॅबमध्ये जायची, आणि मनोरमा दर हळदीकुंकवाला त्या स्कूटीसकट तिला आमच्यासमोर उभी करायची.

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने महिला मंडळात विषय काढला.

"आमची ऋजुता सांगते, आजकाल सब्जीवर काय काय मारून राहिले लोक. आपल्याला पता पण नाही चालत. माझ्या भावाचा, शरदचा, फार्महाऊस आहे ना बायपासकडे? तो पण घरपोच भाजी द्यायला तयार आहे, जीपने. ऋजुताचे साहेब म्हणाले, दोन्हीकडचा एकेक नमुना फुकट तपासून देऊ. ज्याची साफ निघेल त्याची घ्यायची. सीधी बात."

मी म्हटलं, "इतकी वर्षं आमची मेथी खाऊन राहिल्या तुम्ही सगळ्या. मेलं का कोणी?"

"वहिनी, तुम्ही तर लगेच दिलवर घेता!" मनोरमा हसली. बायकाही हसल्या. तिळाची वडी मी तशीच ताटलीत ठेवली.

नमुना सोमवारी द्यायचा होता. हे म्हणाले, "ऋजू म्हणाली, जशी उपटली तशीच आणा. हात लावू नका."

"तिला काय जातंय म्हणायला? तिथे साहेब लोक बघणार. मनोरमेच्या मुलीसमोर आपली चिखलाची मेथी ठेवायची? उद्या मनोरमा गावभर सांगेल."

हे नको नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. मिठाच्या पाण्यात तीनदा धुतली, मुळं कापली, एकेक पान निवडलं आणि घासलेल्या स्टीलच्या डब्यात भरून दिली. हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

दुपारी डबा तसाच परत आला.

"धुतलेला नमुना घेत नाहीत," एवढंच म्हणाले आणि पलंगावर बसले.

संध्याकाळपर्यंत मनोरमेच्या फोनने आपलं काम केलं होतं. धुऊन पाठवली म्हणे. लपवायचं असेल काही, त्याशिवाय कोण धुतं? रविवारी पोती निम्मी भरलेलीच परत आली. ह्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "मिलमधून कधी सुताचा तुकडा आणला नाही. आता मेथीत चोर ठरलो."

दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसून मी पलासियाला गेले. आयुष्यात पहिल्यांदाच. लॅब गारढोण, सगळीकडे काच. एका काचेपलीकडे मुली पालकाची जुडी मिक्सरमध्ये वाटत होत्या, तीही मातीसकट. ऋजुता बाहेर आली. पांढऱ्या कोटावर तिचं नाव शिवलेलं. त्या जागी मी अनुश्रीचं नाव वाचून पाहिलं. अगदी मापात बसत होतं.

"काकू, बाजारात येते तशीच तपासायची असते," ती म्हणाली. "धुतली की वरचं औषध निघून जातं. मग खरं कसं कळणार?"

"मला काय माहीत? मी तर कचरा नको म्हणून धुतली."

"मला माहीत आहे काकू. तुमच्याकडून आलेली मेथी मी कॉलेजात होते तेव्हापासून खाते." तिने कोटाच्या खिशातून डायरी काढली. "मीच खेतात येते. स्वतः उपटते. तुमच्याकडे आणि शरदमामाकडे, दोन्हीकडे."

ती खरंच आली. हातमोजे घालून शेताच्या कोपऱ्यांतून आणि मधून मेथी उपटली, माती न झटकता पिशवीत घातली, पिशवीला सील लावलं, त्यावर ह्यांची सही घेतली. हे तिच्या मागे मागे फिरत होते. ऋजू इकडे बघ, ऋजू तिकडे कीड होती. कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसत होते. अनुश्रीच्या मागे हे असे कधी फिरले नाहीत. तेव्हा मिल होती, पाळी होती, वेळ नव्हता. मी बांधावर उभी राहून ते हसणं ऐकत होते, आणि मला ते गोड लागत नव्हतं.

जाताना ती म्हणाली, "काका, शेजारच्या खेतातली फवारणी हवेने उडून येते कधीकधी. काही निघालं तर मी लपवणार नाही हं."

"लपवू नकोस," हे म्हणाले. पण तो आठवडा हे शेजारच्या शेताकडेच बघत बसले.

रिपोर्ट आला. मशीन कागदावर रेघ काढतं आणि औषध असलं की रेघेला शेंडा येतो. आमची रेघ सपाट होती. शरदच्या रेघेला दोन उंच शेंडे होते. ऋजुताने मंडळात दोन्ही कागद सगळ्यांसमोर ठेवले, मामाचाही.

मला वाटलं, आता मनोरमा तोंड लपवील. ती उठली आणि टाळी वाजवून म्हणाली, "बघा! आहे की नाही आमची मुलगी खरी! सख्ख्या मामाला नाही सोडलं!" सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या. ह्यांची पोती पुन्हा रिकामी होऊन परत यायला लागली, पण "दिवाकररावांची मेथी" कोणी म्हणेना. "ऋजुताने पास केलेली मेथी," म्हणायच्या. जिंकलो आम्ही, आणि घेऊन गेली मनोरमा.

मग मी एक केलं. बाकी सगळ्यांची मेथी पूर्वीसारखीच निवडून पाठवायची. मनोरमेची मात्र मुळं, माती, गवताच्या काड्या, असेल ते सगळं तसंच. ह्यांनी विचारलं तर मी म्हणायची, "लॅबचा नियम आहे. धुतलेली चालत नाही त्यांच्याकडे." चिखलात हात घालून बसलेली मनोरमा डोळ्यांपुढे आणत मी आठवडा सुखात काढायची.

थंडी सरता सरता तिच्याकडे जाणं झालं. रविवार होता. तक्रार ऐकायची तयारी करूनच गेले होते. बघते तर पुढच्या खोलीत पेपर पसरलेला, त्यावर मेथीचा ढीग, आणि श्रीरामभाऊजी चष्मा लावून मुळं कापतायत.

"या वहिनी, बसा," ते म्हणाले. बोटं मातीने भरलेली.

मनोरमेने मला आत नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बरं झालं वहिनी, तुम्ही धुऊन नाही पाठवत ते. बँकेतून व्हीआरएस घेऊन घरी बसल्यापासून हे एकदम गुमसुम झाले होते. भिंतीकडे बघत बसायचे. आता रविवारी आम्ही दोघं मेथी घेऊन बसतो. दोन-दोन तास. इतकं बोलून राहिले, लग्न झालं तेव्हा पण नव्हते बोलले."

बाहेरून भाऊजींनी हाक मारली, "मने, ये ना लवकर. किती बाकी आहे अजून."

आमचे हे त्या वेळी शेतात होते. ह्यांनी कधी माझ्याजवळ बसून एक काडी निवडली नव्हती, आणि मला मने म्हणून हाक मारणारं तर कोणी नव्हतंच.

पुढच्या रविवारी मनोरमेची मेथी मी मिठाच्या पाण्यात तीनदा धुतली, मुळं कापली, एकेक पान निवडलं आणि ओल्या फडक्यात बांधून पाठवली.