दोनदा वजा झालेले आठवडे

लग्न मे महिन्याच्या मध्यातलं आणि नातू दहा डिसेंबरचा. मधले सात महिने वसुंधराबाईंच्या घशात काट्यासारखे अडकले होते. त्यांची सून चारुता डोहाळजेवणाला साताऱ्याला माहेरी गेली आणि दहा आठवडे आधीच तिथे बाळंत झाली. बाळ, वरद, दोन महिने काचेच्या पेटीत होतं. वसुंधराबाईंच्या मते तेवढं एक बरं झालं. बाळ नवीन पनवेलला येईपर्यंत त्यांनी सोसायटीत जन्मतारीख सांगूनही टाकली होती, अठरा फेब्रुवारी, म्हणजे पूर्ण दिवस भरले असते ती तारीख. बारशाचे पेढे त्याच तारखेवर वाटले गेले.

चाळीस वर्षांपूर्वी उरणला त्यांच्या थोरल्या बहिणीचं मूलही असंच लवकर आलं होतं. बारशाला बायका पाळण्याशी उभ्या राहून लग्नापासूनचे महिने बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. पुढे ताईला कोणी हळदीकुंकवालाही बोलावलं नाही. ती पेरं वसुंधराबाई विसरल्या नव्हत्या.

अशा मुलाची वाढ वेळच्या वेळी तपासून घ्या, गरज दिसली तर व्यायाम लगेच सुरू करा, असं साताऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून जूनमध्ये दोघी स्टेशनजवळच्या बालविकास केंद्रात गेल्या, तर तपासायला समोर प्राची, त्यांच्याच सोसायटीतली सी विंगची सून. वसुंधराबाईंनी फाईल पिशवीतच ठेवली, ती साताऱ्याला राहिली म्हणाल्या आणि फेब्रुवारीची तारीख सांगितली. किती आधी झाला, प्राचीने विचारलं. दहा आठवडे. हे मात्र त्यांनी खरं सांगितलं. आता तर कोणाला पेरं मोजायला जागाच उरली नाही.

लवकर आलेले आठवडे वयातून वजा करायचे असतात, असं प्राचीने समजावलं. चार महिन्यांतून तिने ते वजा केले. दीड महिना उरला. वरदची मान डुगडुगत होती, मुठी घट्ट होत्या. दीड महिन्याच्या मानाने ठीक आहे, ती म्हणाली, तीन महिन्यांनी आणा.

चारुता बोलायला गेली, तेव्हा टेबलाखाली सासूबाईंची नखं तिच्या मनगटात रुतली.

घरी आल्यावर ती रडली. तो सहा महिन्यांचा आहे आई, आठवडे दोनदा वजा झाले, आपण परत जाऊ या, म्हणाली. तिच्या नवऱ्याने, निनादने, आईकडे पाहिलं आणि तो कळंबोलीला कामावर निघून गेला.

"मान काय, आज ना उद्या धरेल," वसुंधराबाई म्हणाल्या. "तुझ्या नावाला लागलेला डाग पुसायचं केंद्र कुठे असतं, तेवढं सांग."

सप्टेंबरपर्यंत वरदचे पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढायला लागले. प्राचीने ते सोडवून पाहिले. तिचा चेहरा बदलला. तिने तारीख पुन्हा विचारली.

"दहा डिसेंबर," चारुता म्हणाली. या वेळी तिने हात आधीच दूर ठेवले होते.

प्राचीने जूनची नोंद काढून पाहिली. मग म्हणाली, "हे जूनमध्ये सांगितलं असतं, तर तेव्हाच सुरू केलं असतं. या वयातले तीन महिने परत मिळत नाहीत. आता किती सुधारेल, मी शब्द देऊ शकत नाही."

"तू हे सोसायटीत नाही ना बोलणार?" वसुंधराबाईंनी विचारलं.

प्राची चारुताचे हात धरून पाय कसे सोडवायचे ते शिकवू लागली. चारुता मान वर न करता म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा."

बाहेर बाकावर एक अनोळखी बाई आपल्या नातीला घेऊन बसली होती. आत वरद किंचाळत होता. तुमचा का, केवढा आहे, बाईने विचारलं.

"सात महिन्यांचा," वसुंधराबाई म्हणाल्या.