कोळंबीचं सूप

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस मला फोन करतो. गेली कित्येक वर्षं माझं कामच ते आहे. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. कंपनी म्हणजे मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या, एक साहेब, हिशेब बघणाऱ्या मॅडम, तीन मेकॅनिक आणि फोनवर मी. "घाबरू नका, माणूस निघालाय, तोवर मी बोलतो तुमच्याशी," असं मी सांगतो आणि खरंच बोलत बसतो. फोनवर माझ्याइतका गोड माणूस शोधून सापडायचा नाही. फोन खाली ठेवल्यावर मी कसा असतो, ते मेकॅनिकांना विचारा.

डिसेंबर लागताच साहेबांनी जाहीर केलं, "यंदा नाताळचं जेवण बाहेर. थाटमाट नको. खिशाला परवडेल, निवांत बसता येईल, असं ठिकाण बघा कुणीतरी." असल्या कामातून मी दरवर्षी अंग काढून घेतो. यंदा मी "बघतो" म्हणालो, तेव्हा मॅडमनी चष्मा नाकावर ओढून माझ्याकडे नीट पाहिलं.

बघायचं काय कपाळ! ठिकाण माझं आधीच ठरलं होतं. पोस्टाच्या मागच्या रस्त्यावर, शिंप्याच्या दुकानाला लागून एक छोटं रेस्टॉरंट आहे. मोजकी टेबलं, आणि खुर्च्या एकीसारखी दुसरी नाही. तिथे माझी मुलगी काम करते. ऑर्डर घेते, जेवण आणून देते, टेबलं पुसते. हे मला माझ्या बहिणीने, म्हणजे तिच्या आत्याने सांगितलं. त्यानंतर समोरच्या फुटपाथवरून मी बऱ्याचदा गेलो, पण रस्ता ओलांडला नाही. एकट्याने आत जाऊन सांगणार काय? भूक लागली म्हणून आलो? ती दोन शब्द वाकडं बोलली असती तर मी ताडकन उठून आलो असतो, एवढा मी स्वतःला ओळखतो. ऑफिसबरोबर आलेल्या माणसाला मात्र उठून जाता येत नाही, आणि त्याला कुणी वाकडं बोलतही नाही.

आमच्या घरात अहोजाहो नव्हतं. बायको गेली तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. पुढे आम्ही दोघंच. ती मला 'ए बाबा' म्हणायची, सरळ 'तू' म्हणायची, आणि नातेवाईक नाकं मुरडायचे. मला ते फार आवडायचं. पुढे तिने कॉलेज अर्ध्यावर सोडलं. "मला स्वयंपाकघरात काम शिकायचंय, एक दिवस स्वतःचं हॉटेल काढायचंय," म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, "मग मला बाबा म्हणू नकोस." आता रागात माणूस वाटेल ते बोलतो, ते काय शब्दशः पाळायचं असतं? पण पोरगी कुणाची? तिने पाळलं. बॅग भरून गेली. वर्षभराने आत्याकडे समोरासमोर आलो, तर म्हणाली, "कसे आहात तुम्ही?"

शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्या 'तुम्ही'ने मला पार परका करून टाकलं. तेव्हापासून मला दुसरं काही नको होतं. तिने घरी परत यावं, रडावं, असला हट्ट नव्हता. फक्त तिच्या तोंडून एकदा 'तू' ऐकायचं होतं. फोनवर दिवसभर 'तुम्ही तुम्ही' करून घरी गेलं की घरात 'तू' म्हणणारं कुणी नसायचं.

तर ठिकाण. आमच्यातला काटकुळा मेकॅनिक, ज्याला आम्ही स्प्रिंग म्हणतो, तो म्हणाला, "चौकातल्या गच्चीवर जाऊ. गाणी असतात, हवं तेवढं खा."

"गाणी एवढी मोठ्याने की शेजारच्याचं ऐकू येत नाही," मी म्हणालो. "दिवसभर फोन कानाला लावून माझे कान तसेच गेलेत."

"मग ऑफिससमोरचं," मॅडम म्हणाल्या. "स्वच्छ आहे, टेबलावर कापड असतं."

"आणि वेटर डोक्यावर उभा असतो. घास मोजतो मेला."

"मग तुम्हीच सांगा. सगळ्यांत खोट काढायला बसलाय नुसते."

मी पोस्टामागच्या जागेचं नाव घेतलं. कुणाकडून तरी ऐकलंय, म्हणालो. स्वस्त आहे, कितीही वेळ बसलं तरी कुणी उठवत नाही. हे सगळं मी फुटपाथवरून पाहिलेलं होतं, त्यामुळे खोटं काहीच नव्हतं. साहेबांना 'स्वस्त' हा शब्द पटला. टेबल राखून ठेवायला फोन मात्र मी मॅडमना करायला लावला.

"घसा बसलाय," मी म्हणालो.

"सकाळपासून तर पोपटासारखे बोलताय!" म्हणाल्या, पण फोन केला.

जेवणाच्या दिवशी संध्याकाळी मी दाढी दोनदा केली. दारातून शिरताना सगळ्यांच्या मागे राहिलो. ती काउंटरपाशी ग्लास पुसत होती. तिने वर पाहिलं, साहेबांकडे पाहून हसली, मॅडमकडे पाहून हसली, आणि मग मी दिसलो. हातातला ग्लास तिने पुन्हा एकदा पुसला.

"या, बसा. तुमचं टेबल तयार आहे," ती म्हणाली. सगळ्यांना मिळून.

ती वाळली होती. मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. पण केस तसेच, रबरात कसेबसे कोंबलेले. ती भराभर चालत होती, एका हातावर तीन प्लेट घेत होती, स्वयंपाकघरातल्या कुणाला तरी दटावत होती. काम तिला येत होतं. मला वाटलं होतं तिला इथे पाहून वाईट वाटेल. वाटलंच, पण त्यात अभिमानही होता, आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना.

स्प्रिंगने टेबलाखाली बूट काढून पाय मोकळे केले. "झकास जागा शोधलीत," साहेब म्हणाले. ती वही-पेन घेऊन आली आणि एकेकाला विचारत माझ्यापर्यंत पोचली.

"तुम्ही काय घेणार?"

माझ्या हातात मेन्यू होता. त्यात कोळंबीचं सूप दिसलं. कोळंबी मला चालत नाही. मुलगी सात वर्षांची असताना एका लग्नात मी खाल्ली, ओठ सुजले, श्वास लागला, आणि टॅक्सीत ती माझं बोट धरून भोकाड पसरून रडली. त्यानंतर कुठल्याही हॉटेलात गेलो की ती खुर्चीवर उभी राहून वेटरला ओरडून सांगायची, "काका, माझ्या बाबाला कोळंबी चालत नाही! त्याला देऊ नका!" सगळं हॉटेल हसायचं.

"कोळंबीचं सूप," मी म्हणालो आणि तिच्याकडे पाहिलं.

तिने लिहून घेतलं. "आणखी काही?"

"काही नाही."

ती गेली. झालं, म्हटलं. विसरली असती तर समजू शकलो असतो, पण ती विसरणाऱ्यातली नव्हती. मी मूर्खासारखा टेबलावरचं मीठ इकडून तिकडे सरकवत बसलो. साहेब लिफ्टमध्ये अडकलेल्या नवरदेवाचा किस्सा सांगत होते. सगळे खोखो हसले, मीही हसलो.

सूप आलं. तिने ते माझ्यासमोर ठेवलं आणि वळली. मी चमचा बुडवला. तोंडात घालणार होतो, खोटं कशाला सांगू. सुजू देत ओठ, म्हटलं. पण चमच्यात गाजर आलं. पुन्हा बुडवला तर वाटाणा आला. तळापर्यंत ढवळलं. कोळंबीचा मागमूस नव्हता.

"हे काय?" शेजारून मॅडम वाकल्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. "तुम्ही कोळंबीचं सांगितलं होतंत ना? हे तर साधं भाज्यांचं आहे."

"असू दे हो."

"असू दे कसं? अहो बाई, जरा इकडे या!"

ती आली.

"यांनी कोळंबीचं सूप मागवलं होतं. तुम्ही भलतंच आणलंत."

"माहितीये," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, चिडल्यासारखी, एका दमात. "त्याला चालत नाही."

चमचा माझ्या हातातच राहिला.

"त्याला?" मॅडमनी डोळे वटारले. "वयाने केवढे आहेत ते तुमच्यापेक्षा! ही काय बोलायची पद्धत झाली?"

तिचे कान लाल झाले. लहानपणी व्हायचे तसेच. तिने वही छातीशी धरली आणि खाली बघून म्हणाली, "चुकलं. त्यांना. त्यांना चालत नाही."

"राहू दे गं," मी म्हणालो. "पहिलं बोललीस तेच बरोबर होतं."