केसरच्या हातचा बांगडा

मित्रांनो, मी एक जुना कुत्रा आहे, रेवदंड्याचा, तोंडाचा फटकळ. नाव तांडेल. होडीच्या कप्तानाला तांडेल म्हणतात. मी मात्र कधी होडीत पाय ठेवला नाही. माझ्या मालकाची, सदाची होडी खाडीच्या तोंडाशी आली की तिचं इंजिन आधी मी ओळखायचो आणि भुंकून आळी डोक्यावर घ्यायचो. मग त्याची बायको केसर टोपली घेऊन धावायची. त्या कामाबद्दल पहिला बांगडा माझा. तोही तिच्याच हातून. दुसऱ्या कुणाच्या हातचा तुकडा मी तोंडात धरला नाही.

पुढे त्यांच्या मुलाने, विनेशने, पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. माझ्या भुंकण्याने पाहुणे वैतागले. विनेश दुष्ट नव्हे, पण त्याने नको तिथे डोकं चालवलं. जनावरांच्या डॉक्टरला न विचारताच त्याने माणसांच्या झोपेच्या गोळ्या आणल्या आणि माझ्या बांगड्याच्या पोटात दडवू लागला. भरवायची केसर. तिला बिचारीला काय ठाऊक!

कडू लागायचं, पण हात तिचा, म्हणून मी गिळायचो. मग पाय माझे राहायचे नाहीत. कान तेवढे जागे. होडीचं इंजिन ऐकू यायचं, भुंकणं छातीत दाटायचं, पण जबडा उघडायचा नाही. अरे देवा, स्वतःच्याच कातड्यात कोंडलो होतो मी! पाहुणे म्हणायचे, किती शहाणा कुत्रा. शहाणा कसला डोंबलाचा! इकडे सदा म्हणू लागला, हा कामातून गेला, खाडीपलीकडे सोडून येऊ. तेही मी पडल्या पडल्या ऐकलं.

मी न चावताच गिळतो हे पाहून केसरला वाटलं, माझे दात गेले. काटा टोचू नये म्हणून तिने एकदा बांगडा चिरला आणि गोळी तिच्या तळहातावर पडली. माझा बांगडा हल्ली विनेशच काढून ठेवायचा, म्हणून तिने त्यालाच हाक मारली. आवाज चढवला नाही.

"माज्याच हातानं भरवलंस रं त्याला?"

विनेशची मान खाली गेली. त्याच दिवशी त्याने मला रिक्षात घालून अलिबागला डॉक्टरकडे नेलं.

हळूहळू भुंकणं परतलं, जरा घोगरं. सदाही खाडीपलीकडचं बोलेनासा झाला. पण केसरने बांगडा पुढे केला की माझं तोंड आपोआप फिरायचं. फार वाईट वाटायचं मला. शेवटी तिने बांगडा भाजला, माझ्यासमोर बसून पहिला घास स्वतः खाल्ला आणि उरलेला पुढे धरला. मी खाल्ला.

मित्रांनो, तुमचं मुकं जनावर ओरडत असेल, तर गप्प करण्याआधी ते काय सांगतंय एवढं बघा. केसर अजूनही पहिला घास स्वतः खाते. मला आता त्याची गरज नाही. तिला आहे.