तिसरा बेस

एकोणीस वर्षं मी बेसबॉल खेळलो, कॅचर म्हणून, म्हणजे फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा. उजव्या हाताची बोटं चार दिशांना गेलीत, गुडघे कामातून गेलेत. तोंड तेवढं शाबूत राहिलं, म्हणून आता रेडिओवर समालोचन करतो. पगार क्लबच देतो. त्या दुपारी सामन्याआधी क्लबचा मॅनेजर व्हिटलॉकनं नवा करार समोर धरून बजावलं, "रूडी, आपल्या पोरांचं चांगलं तेवढंच बोलायचं. नाहीतर सही विसर."

पाहुण्या संघाच्या बाकामागे, पहिल्या रांगेत, मिसेस हास बसतात. त्यांना दिसत नाही. मांडीवर ट्रान्झिस्टर, आवाज पूर्ण. मागच्या सामन्यात आमच्या पोरानं सोपा झेल सोडला आणि मी वेळ मारून नेली, तर जिन्यात गाठून म्हणाल्या, "अख्खं मैदान शिव्या घालत होतं आणि तू म्हणे 'छान प्रयत्न'! मी आंधळी आहे रे, बहिरी नाही." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

त्या दिवशी नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये बरोबरी असताना आमच्या टीगनं होमरन मारला, चेंडू थेट मैदानाबाहेर. आता चारही बेसना पाय लावत एक फेरी पुरी केली की धाव. हात उंचावत, मिरवत धावला आणि तिसऱ्या बेसला पाय न लावताच शेवटच्या बेसवर पोचला. मी स्वच्छ पाहिलं. पंचानंही पाहिलं असणार. पण पुढचा चेंडू पडायच्या आत समोरच्यांनी विचारलं, तरच पंच बाद देतो. विचारलं नाही तर तो गप्प. आणि समोरच्यांचं लक्षच नव्हतं.

मी बोललो की मिसेस हासचा ट्रान्झिस्टर थेट पाहुण्यांच्या कानात बोलणार. करार गेलाच म्हणायचा. जाऊ दे खड्ड्यात!

"टीगचा पाय तिसऱ्या बेसला लागलेला नाही," मी माइकवर म्हणालो. मग पुन्हा एकदा, सावकाश.

पाहुण्यांचा प्रशिक्षक ताडकन उठला. चेंडू तिसऱ्या बेसवर गेला, पंचाची मूठ वर झाली, टीग बाद, धाव रद्द. शेवटी आम्ही एका धावेनं हरलो.

"खाल्ल्या मिठाला जागला नाहीस!" व्हिटलॉक किंचाळला.

"मीठ तुझं असेल, डोळे माझे आहेत," म्हणत मी हेडफोन टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहून तिकीट काढलं आणि मिसेस हासच्या शेजारी जाऊन बसलो. ट्रान्झिस्टरवर नवा गडी 'छान प्रयत्न, छान प्रयत्न' करत होता. त्यांनी बटण फिरवून त्याला गप्प केलं.

"हं, सांग."

मी खड्या आवाजात सुरू झालो. मागच्या चार रांगा पुढे वाकल्या. तेवढ्यात व्हिटलॉक लालबुंद होऊन समोर येऊन उभा राहिला. मी तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं.

"व्हिटलॉक," मिसेस हास म्हणाल्या, "बाजूला हो. आम्हाला दिसत नाहीये."