दुसरी वळकटी

मी एक जुनी सायकल बोलतेय. दुकानातून निघाले तेव्हा हिरवीगार होते. आता रंगाचं विचारू नका. एका शिंप्याने मला घेतलं आणि आजही त्याच्याच मागच्या खोलीत, कापडाच्या चिंध्यांशेजारी मी उभी आहे.

त्याची बायको लवकर गेली. घरात तो आणि लहानगी लेक. दर वर्षी राष्ट्रीय सुट्टीला तो तिला कॅरिअरवर बसवून तळ्याकाठच्या मैदानावर मुक्कामाला न्यायचा. छत्र्यांच्या उरलेल्या कापडाचा तंबू त्यानेच शिवलेला, दोघांपुरता.

"बाबा, चढ आला, उतरू का?"

"बस गं. तुझं वजन ते काय!"

धाप मात्र मला ऐकू यायची.

लेकीचं लग्न झालं. जावयाने घरगाडी घेतली. पलंग, शेगडी, पंखा, सगळं आत असलेली मोठी मोटार.

"बाबा, यंदा आमच्याबरोबर चला."

"तुम्ही व्हा पुढे. मी येतो माझ्या गाडीने."

सुट्टीच्या सकाळी त्याने माझ्यावर तंबू बांधला आणि दोन वळकट्या. दुसरी कुणासाठी, हे मला विचारावं लागलं नाही.

रस्त्यात झेंडे लावलेल्या घरगाड्या धूळ उडवत पुढे जात होत्या. एकजण थांबला. "काका, गाडी बंद पडली का? कुठवर सोडू?"

"बंद पडायला आधी गाडी लागते रे बाबा," शिंपी हसला.

मैदानावर घरगाड्यांच्या रांगा. आमचा तंबू म्हणजे दोन मोटारींच्या मध्ये कुणी छत्री विसरून गेल्यासारखा. लेक धावत आली.

"हे काय! तुमचा पलंग घातलाय मी आत. उशीसुद्धा जाड घेतलीय, तुम्हाला लागते तशी."

"मला त्या डब्यात झोप नाही यायची."

तिचा चेहरा उतरला. वाकून तिने तंबूत पाहिलं. हळूच म्हणाली, "अजून किती जागा आहे आत."

'ये की' एवढंच म्हणायचं होतं त्याने. म्हणाला काय, तर "हो, एकट्याला ऐसपैस."

ती जराशी थांबली, मग गेली. घरगाडीचं दार लागलं. मला घंटा आहे, पण ती वाजवायला माणसाचा अंगठा लागतो.

दुसरी वळकटी माझ्यावरच बांधलेली राहिली. सकाळी दवाने भिजली होती. चहाला न थांबता तो परत निघाला.

त्यानंतर तो गेलाच नाही. लेक दर सुट्टीआधी येते, तो गुडघे दाखवतो. काल ती मागच्या खोलीत आली आणि माझं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं.

"बाबा, हवा नाही यात."

"राहू दे गं," तो मशीनवरूनच म्हणाला. आणि तिने राहू दिलं.

पोरी, त्याचं ऐकू नकोस. पंप दारामागे खिळ्याला टांगलाय. हवा भर, मला रस्त्यावर काढ आणि त्याला म्हण, "बाबा, मागे बसा." चढ आला तर दोघं उतरून चाला. मला घाई नाही. पण त्याला आता फार थांबता येईल, असं वाटत नाही.